मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

तेव्हा मी बॉस्टनला ऑनसाइट होतो. रूममेट भारतात परत गेला आणि जाताना एक मांजर माझ्या गळ्यात बांधून गेला. नाव चिंगी, वजन चार किलो.

एका शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर चिंगी कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेली. खाईना, पिईना, अंग चांगलंच तापलेलं. आता आपण पडलो इंजिनियर! इनपुट कमी केलं की काम झालं. आईने बॅगेत भरून दिलेली पॅरासिटामॉलची पाचशेची स्ट्रिप काढली आणि गोळीचे दोन तुकडे केले. लहान मुलांना देतात की अर्धी गोळी, मग मांजराला काय होतंय?

देण्याआधी सहज म्हणून जवळच्या क्लिनिकला फोन लावला. हे फक्त मांजरांचं क्लिनिक, कुत्र्यांना प्रवेशच नाही. ते बंद व्हायची वेळ झाली होती. फोनवरच्या मुलीने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "गोळी दिली का? नाही ना? मग आधी ती कचऱ्यात टाका आणि मांजर घेऊन ताबडतोब या."

का, ते नंतर कळलं. पॅरासिटामॉल बिनधोक करून शरीराबाहेर काढायला आपलं लिव्हर जे एन्झाइम वापरतं, ते मांजराकडे जवळजवळ नसतंच. औषध साचतं, त्याचं विष बनतं आणि ते थेट रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, रक्त वाहतं पण त्यातून ऑक्सिजन पोचत नाही. एका गोळीने मांजर मरू शकतं. बॉस्टनच्याच टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की ह्या एन्झाइमचं एक महत्त्वाचं जीन मांजरात आहे, पण मोडलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन आहे, पण कॉल केलं तर काहीच रिटर्न होत नाही.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. फोन उचलणाऱ्या त्या मुलीला हे तोंडपाठ होतं. पण तिच्यापर्यंत ते आलं कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जनावरांचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः घोड्यांचा आणि गाईगुरांचा डॉक्टर. मोटारी आल्या, शहरातले घोडे गेले, तेव्हा डॉक्टर हळूहळू कुत्र्यांकडे वळले. मांजराचा नंबर सगळ्यात शेवटी. मांजर काय, उंदीर धरतं, फुकट मिळतं, मेलं तर दुसरं आणा! उपचार करायचेच तर कुत्र्याचा डोस कमी करून द्यायचा. (ओळखीचं वाटतंय ना लॉजिक?)

ह्या काळात न्यूयॉर्कमध्ये लुई कामुटी नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आपली प्रॅक्टिसच मांजरांना वाहिली आणि अनेक दशकं घरोघरी जाऊन मांजरं तपासली. १९८० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'माझे सगळे पेशंट पलंगाखाली आहेत' असा. ज्याने कधी मांजर पकडायचा प्रयत्न केलाय, त्याला हे नाव समजावून सांगायला नको. १९८१ साली ते गेले.

इंग्लंडमध्ये १९५८ साली जोन जड ह्या बाईंनी फीलाइन ॲडव्हायजरी ब्यूरो ही संस्था काढली. मांजरांच्या आजारांची माहितीच मिळत नाही तर ती गोळा करू या, असा साधा विचार. पुढे ह्याच संस्थेच्या पैशातून ब्रिस्टल विद्यापीठात मांजरांच्या वैद्यकासाठी पद निर्माण झालं.

आणि माझ्या आवडत्या जीन होल्झवर्थ. ह्या बाईंची आधी लॅटिनमधली पीएचडी! मग करियर बदलून कॉर्नेलमधून पशुवैद्यक झाल्या आणि बॉस्टनच्या एंजेल मेमोरियल हॉस्पिटलात मांजरांच्या तज्ज्ञ म्हणून नाव मिळवलं. पोटात पाणी भरून मांजरं मरतात असा एक आजार त्यांनी १९६३ साली नोंदवला. आज त्याला एफआयपी म्हणतात. तेव्हा त्यावर काहीही उपाय नव्हता. पण त्यांनी जे दिसलं ते नीट लिहून ठेवलं. बग फिक्स करता येत नसला तरी रिपोर्ट व्यवस्थित लिहावा, तसं. तो 'बग' पन्नासहून जास्त वर्षं उघडाच राहिला. २०१९ साली नील्स पेडरसन ह्यांच्या टीमने जीएस-४४१५२४ ह्या औषधाचे निकाल छापले. ३१ मांजरांपैकी २६ जणांनी बारा आठवड्यांचे उपचार पुरे केले, आणि त्यातली बहुतेक वाचली. पूर्वी हा आजार म्हणजे जवळपास मृत्यूच होता.

१९७१ साली अमेरिकेत मांजरांच्या डॉक्टरांची स्वतंत्र संघटना झाली. आणि १९८७ साली तर कमालच. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून मरणाऱ्या कितीतरी मांजरांच्या आहारात टॉरिन कमी पडत होतं. कुत्र्याचं शरीर ते पुरेसं तयार करतं, मांजराचं करत नाही. टॉरिन दिल्यावर हृदयं सुधारली, आणि कंपन्यांनी डब्यातल्या खाण्यात ते वाढवलं. 'लहान कुत्रा' समजण्याची किंमत किती मांजरांनी मोजली असेल!

ही झाली डॉक्टर लोकांची नावं. पण फोन उचलणारी ती मुलगी डॉक्टर नव्हती, टेक्निशियन होती. तिच्यासारख्यांचा इतिहास आणखी गमतीचा आहे. ब्रिटनमध्ये १९६१ साली जनावरांच्या नर्सेसचं अधिकृत प्रशिक्षण सुरू झालं, पण त्यांना 'नर्स' म्हणायची सोय नव्हती. कायद्याने तो शब्द माणसांच्या नर्सेससाठी राखीव! म्हणून पदाचं नाव 'ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलियरी', म्हणजे मदतनीस. 'व्हेटरिनरी नर्स' हे नाव मिळायला १९८४ साल उजाडलं. काम तेच, नाव मिळायला तेवीस वर्षं.

चिंगीला घेऊन पोचलो तेव्हा दिवे अर्धे मालवलेले होते, तरी ती थांबली होती. तिने चिंगीला मानेला धरून उचललं नाही. पिंजऱ्याचं वरचं झाकण काढलं, अंगावर टॉवेल टाकला आणि खालच्या अर्ध्या भागात बसल्या जागीच डॉक्टरांना तपासू दिलं. मांजराला आपल्या वासाच्या जागेत राहू द्यावं, कारण घाबरलेल्या मांजराची नाडी आणि ताप दोन्ही खोटं बोलतात, असं ती म्हणाली. दाताच्या मुळाशी पू झाला होता. आठवड्याभरात बाईसाहेब पूर्ववत! बिलाचा आकडा सांगत नाही, घरचे हे वाचतात.

माझं गणित चुकलं नव्हतं. पाचशेचे निम्मे अडीचशेच होतात. चुकलं होतं ते गृहीतक. ते चूक आहे हे कुणीतरी आधी मेलेली मांजरं बघून, मोजून, लिहून ठेवलं होतं, म्हणून त्या मुलीला फोनवर दोन सेकंदांत सांगता आलं.

असो. तुमच्याकडे मांजर असेल तर एवढंच करा: घरातलं कुठलंही औषध देण्याआधी फोन करा. माझी अर्धी गोळी फोनमुळेच तोंडात जायची राहिली.