थंडीतले खुराडे

परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून माणसे मुंबईत आली; गावाकडचे घर मात्र त्यांनी सहसा मोडले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक कुटुंबांना त्याच घराचा आधार उरला. अशा घरांच्या परसात आठ-दहा गावठी कोंबड्या असतात. घाटमाथ्यावर गारठा वाढला की त्यांची पिल्ले पटापट दगावतात आणि दोष थंडीला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते आणि पिसे फुलवून ती अंगाभोवती उबदार हवा कोंडून ठेवते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दवबिंदू गोठतात. तेवढी थंडीही ती कोरड्या जागी सोसते. तिला सोसत नाही ती ओल. थंडी पडताच खुराडे चारही बाजूंनी गोणपाटाने बंद करण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा. रात्रभरचा श्वास आणि विष्ठेतील पाणी आत कोंडते, खालचा तूस भिजतो, अमोनिया वायू साचतो आणि कोंबड्यांना श्वसनाचे विकार जडतात. वाऱ्याची बाजू बंद करावी, पण छपराखालची फट उघडी ठेवावी. खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर द्यावा आणि तो वरचेवर खाली-वर करावा. मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा झाला, तर तो ओला समजावा. सकाळी खुराड्यात डोकावताच डोळे चुरचुरले, तर आणखी परीक्षेची गरज नाही.

हिवाळ्यात अंडी कमी होतात, त्यालाही गारठ्यापेक्षा लहान दिवस अधिक कारणीभूत असतो. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला सुमारे १४ तास उजेड लागतो. डिसेंबरात महाराष्ट्रात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो.

पिल्लांची गोष्ट वेगळी. अंगावर पिसे येईपर्यंत त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी उतरवता येते. प्रत्येक पिल्लामागे साधारण दोन वॅट या हिशेबाने साधा पिवळा बल्ब टांगावा. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी पडते आहे, लांब कोपऱ्यात पळाली तर जास्त होते आहे. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिचा विषारी वायू पिल्लांइतकाच माणसांच्याही जिवावर बेततो.

खुडूक बसलेली गावठी कोंबडी हे या कामाचे सर्वांत स्वस्त यंत्र. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत, तीही आठवड्याच्या आतली. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या झोतासमोर अंडे धरल्यास रुजलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. बेंगळुरूला विकसित झालेली गिरिराजा आणि हैदराबादची वनराजा या कोंबड्या गावठीपेक्षा जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावठीखाली उबवता येतात. मात्र पुढच्या पिढीत तेच गुण उतरतील याची खात्री नसते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तो दुसऱ्या घरचा असावा. घरच्याच रक्तात वीण होत राहिली की अंडी कमी रुजतात, पिल्ले कमजोर निघतात.

खऱ्या हिमप्रदेशात तुऱ्यालाही धोका असतो. उंच तुरा गोठून काळा पडतो. म्हणूनच कॅनडाच्या क्विबेक प्रांतात एका ख्रिस्ती मठवासीयाने विसाव्या शतकाच्या आरंभी चँटेक्लर ही अगदी आखूड तुऱ्याची जात तयार केली. आपल्याकडच्या असील कोंबडीचा तुराही असाच बसका असतो.

थंडीपेक्षा मोठा शत्रू मानमोडी, म्हणजेच राणीखेत. कुमाऊँमधील थंड हवेच्या गावाचे नाव या रोगाला चिकटले असले, तरी तो कोणत्याही ऋतूत खुराडे रिकामे करतो. लागण झाल्यावर उपचार नाही. म्हणून पाच ते सात दिवसांच्या पिल्लांना लासोटा लस द्यावी आणि दीड-दोन महिन्यांनी पुढची. लसीची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. परळला तर १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालयच आहे. एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्या खाऊ वा विकू नयेत, दवाखान्याला लगेच कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूच्या साथीत लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी आणि मगच खुराड्यात सोडावी.