पोवाडा आणि काळे पाणी

'शाहीर' हा आपला शब्द मूळचा अरबी. 'शाइर' म्हणजे कवी. त्याच अरबीच्या बोलीत रचलेली जुनी पद्ये उत्तर आफ्रिकेतील अल्जिअर्स शहरी कॉफीच्या दुकानांतून गायिली जात. हाज महंमद अल्-अन्का (1907–1978) या गवयाने त्यांना नवे रूप दिले आणि त्या गायनास 'शाबी', म्हणजे लोकांचे, असे नाव पडले. महाराष्ट्रातील शाहिरास असे निराळे नाव घ्यावे लागले नाही. डफ, तुणतुणे आणि मागे 'जी जी' म्हणून सूर धरणारे झीलकरी एवढ्या सामग्रीवर तो गावच्या पारावर उभा राही, आणि गाणे लोकांचे होऊन जाई.

अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालीन; त्यापुढे दोनशे वर्षे ही परंपरा अखंड चालली. नाशिक जिल्ह्यातही तिचा झरा होता. सिन्नराजवळील वावीचा परशराम हा शिंपी, पेशवाईच्या उत्तरकाळातील नामांकित शाहिरांपैकी एक. इंग्रजी अमलात मात्र शाहिराचा आश्रयदाता गेला, आणि गाणे दप्तरात जपण्याजोगी वस्तू ठरले. 1891 साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्याने जुने पोवाडे जमवून छापविले, आणि पुढे 1894 मध्ये त्यांतील काहींचा इंग्रजी पद्यानुवादही केला. एका सनदी अधिकाऱ्याने मराठ्यांच्या लढायांची गाणी प्रेमाने गोळा करावी, याचे कौतुक झाले ते योग्यच होते. त्या लढाया संपल्या होत्या, असे त्यांस वाटत असावे.

नाशिकच्या तिळभांडेश्वराच्या बोळात ही समजूत खोटी ठरली. गोविंद त्र्यंबक दरेकर, लोकांचे आबा दरेकर, तेथे राहत. पायांनी अधू असलेला हा गृहस्थ मोठ्या तयारीने लावण्या रची. शेजारी सावरकर बंधू राहावयास आले, 1900 साली मित्रमेळा उभा राहिला, आणि लावणीच्या चालींत आता शिवाजीमहाराज उतरू लागले. आबा दरेकरांचे कवी गोविंद झाले. विनायकराव सावरकरांनी स्वतः सिंहगडावर आणि बाजी देशपांड्यांवर पोवाडे रचले. मेळ्याची मुले ते उत्सवांतून गात. सरकारने पुढे या दोन्ही पोवाड्यांवर बंदी घातली.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पोवाडा वाचावयाचा नसतो. शाहीर एक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि श्रोता नकळत तिसरा झीलकरी होतो. वर्तमानपत्रातील लेख ज्याला वाचता येत नाही त्यालाही गाणे पाठ होते, आणि पाठ झालेले गाणे जप्त करता येत नाही. जप्त करता येतो तो छापील कागद.

तो कागद थोरले बंधू गणेश, म्हणजे बाबाराव सावरकर, यांनी छापला होता. 'लघु अभिनव भारत माला' या नावाच्या लहानशा पुस्तिकेत गोविंदांची पदे होती. देवदैत्यांच्या कथा, शिवरायांचे स्मरण, असा त्यांचा बाह्य विषय. त्यांपैकी काही पदांवरून बाबारावांवर राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा आणि राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. दैत्य म्हणजे कोण, हा प्रश्न न्यायासनापुढे आला. आपल्याकडे कीर्तनकाराने रावणाचे वर्णन करताना श्रोत्यांनी मनात कोणाला आणावे, यावर कधी कोणी दंड बसविला नव्हता. न्यायासनाने पुराणाचा पडदा बाजूस सारून अर्थ लावला. तो अर्थ चुकीचा होता असे मात्र म्हणता येत नाही. लिहिणाऱ्यांचा हेतू खरोखर तोच होता. शिक्षेचे प्रमाण ही गोष्ट निराळी. 8 जून 1909 रोजी बाबारावांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम सुटला. हायकोर्टातील अपीलही फेटाळले गेले. शस्त्राचा एकही वार या आरोपात नव्हता.

त्याच वर्षी 21 डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या घातल्या. जॅक्सन हे संस्कृताचे अभ्यासक. मराठी नाटकाची त्यांना आवड होती, आणि बदलीच्या निरोपासाठीच हा खेळ योजिलेला होता. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे फाशी गेले.

बाबाराव 1921 पर्यंत अंदमानात होते. पुढच्या वर्षी त्यांची सुटका झाली. तोवर त्यांच्या पत्नी येसूवहिनी निवर्तल्या होत्या. ज्यांच्या पदांपायी हे घडले ते कवी गोविंद 1926 च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या अखेरच्या रचनांपैकी एक मृत्यूला उद्देशून आहे, आणि तिच्यात कोणावरही राग नाही.