न्यूटनचा जन्मदिवस कोणता?

दिनविशेषांच्या यादीत २५ डिसेंबरला आपण ‘न्यूटनचा जन्म, १६४२’ असे लिहितो. काही पुस्तकांत मात्र ४ जानेवारी १६४३ ही तारीख आढळते. यात चूक कोणाचीच नाही. इटलीने १५८२ मध्ये ग्रेगरियन कालगणना स्वीकारली. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणनाच चालू होती. न्यूटनच्या जन्मावेळी दोन्हींत १० दिवसांचा फरक होता.

गॅलिलिओचा मृत्यू इटलीच्या गणनेनुसार ८ जानेवारी १६४२ चा. ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे आपण वर्गात हौसेने सांगतो. पण ते दोन कालगणनांची सरमिसळ केली तरच जुळते. कोणतीही एकच गणना घेतली, तर वर्षे वेगळी पडतात. हे गणित विद्यार्थ्यांनाच करू देऊ या.