अविवाहितांचे घर : गोमंतकीय ख्रिस्ती परंपरेतील एक पान

मोरजीच्या दक्षिण टोकाला, तेंबवाड्याच्या वाळूवर उभे राहिले म्हणजे शापोरा नदीचे मुख दिसते आणि पलीकडे टेकडीवरचा शापोऱ्याचा किल्ला. पात्र फार रुंद नाही. तरीही शतकानुशतके हे पाणी दोन व्यवस्थांमधील सीमा होते. पलीकडचे बार्देश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत गेले. अलीकडचा पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ साली त्यांच्या हाती पडला. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती. म्हणून आमच्या बाजूला मोरजाईचे देऊळ राहिले आणि नदीपलीकडे गावोगावी चर्चचे पांढरे मनोरे उभे राहिले.

या शेजाराविषयी आपल्या जुन्या घराण्यांत पुष्कळ बोलले जाते. इन्क्विझिशन, १५५९ च्या फर्मानाने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करणे, दिवाडीहून नार्व्याला आलेला सप्तकोटेश्वर, या आठवणी आपण विसरलेलो नाही आणि विसरण्याचे कारणही नाही. परंतु शेजाऱ्याच्या घरातील एक दालन आपण क्वचितच न्याहाळले आहे. ते म्हणजे तेथील अविवाहितांचे. ख्रिस्ती माणूस लग्नावाचून राहतो तेव्हा त्याची श्रद्धा त्या राहण्याला कोणता अर्थ देते, हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. तो आपल्याही ओसरीवर येऊन बसलेला आहे.

प्रथम आपल्याकडचे पाहू. आपल्या परंपरेत विवाह हा संस्कार आणि गृहस्थाश्रम हा इतर आश्रमांचा आधार. लग्नावाचून राहणाऱ्यासाठी आपल्या भाषेने ठेवलेले शब्दच पाहावेत : पुरुषाला सडाफटिंग, सोटभैरव, मुलीला घोडनवरी. अपवाद संन्याशाचा. बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थांची कथा आपण मुलांना सांगतो. मुक्ताई आणि जनाबाई आपल्याला पूज्य आहेत. पर्तगाळी मठाचे स्वामी ब्रह्मचर्यातून थेट संन्यास घेतात आणि त्यांच्यापुढे आपण माथा टेकतो. पण ही असामान्यांची वाट झाली. सामान्य स्त्रीला अविवाहित राहायचे तर एकच मान्य चौकट होती आणि तीही विवाहाचीच : देवळाच्या सेवेत वाहिलेल्या मुलीचे लग्न देवाशी लावले जाई. त्या 'लग्ना'ने तिला काय दिले आणि तिच्याकडून काय हिरावून घेतले, हे गोमंतकाला सांगावयास नको.

आता नदीपलीकडे. ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीच एक अविवाहित पुरुष आहे, ही साधी गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. येशूने लग्न केले नाही. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पॉल सांगतो की, विवाहित माणसाचे मन संसाराच्या काळजीत विभागलेले असते, तर अविवाहिताला आपले चित्त प्रभूच्या कार्यात अविभक्त ठेवता येते. मात्र ही सक्ती नव्हे. हे प्रत्येकाला मिळालेले वेगवेगळे दान आहे, असे तो बजावतो. येथे अविवाहितपण हे पूर्वकर्माचे फळ नाही, घराण्याचा कमीपणा नाही, तर देणगी आहे. वंशसातत्य हेच मोक्षाचे द्वार मानणाऱ्या जगात हा विचार क्रांतिकारक होता. ज्या मरियेची भक्ती गोव्यातील घराघरांत चालते तिला कोकणीत 'आंकवार मरी' म्हणतात. आंकवार म्हणजे कुमारी. आपण ज्या अवस्थेला उणीव मानले, तीच तेथे बिरुद झाली.

परंतु विचार आणि व्यवहार यांत अंतर पडते आणि इतिहासाचे काम ते अंतर मोजण्याचे आहे. त्यासाठी जुने गोवे येथील पवित्र टेकडीवर, सांता मोनिकाच्या मठापाशी जावे लागेल. आर्चबिशप अलेक्सो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये या ऑगस्टिनियन मठाची स्थापना केली. १६२७ मध्ये इमारत पुरी झाली आणि १६३६ च्या आगीनंतर ती पुन्हा उभी राहिली. जाड टेकूंनी तोललेल्या त्या तीनमजली भिंती आजही पाहणाऱ्याला गढीची आठवण करून देतात. पहिल्या प्रवेशितांत फिलिपा फेरैरा ही श्रीमंत विधवा होती. फिलिपा दा त्रिंदादे या नावाने तिने मठाची धुरा वाहिली. आत राहणाऱ्या जोगिणींची संख्या शंभरच्या आसपास पोचली.

भिंतीआड नेमके काय होते? एकीकडे खरीखुरी साधना : ठरल्या प्रहरांची प्रार्थना, गायन, मौन. दुसरीकडे स्त्रियांनी स्त्रियांचा चालवलेला कारभार. प्रमुख जोगिणीची निवड त्या आपल्यातून करीत, हिशेब ठेवीत, जमिनी सांभाळीत. त्या काळी पित्याच्या, पतीच्या वा पुत्राच्या आज्ञेबाहेर स्त्रीला एवढे स्वातंत्र्य अन्यत्र मिळाले असते असे वाटत नाही. गोव्याची प्रसिद्ध बेबिंका याच मठात जन्मली अशी लोकसमजूत आहे. तिला पुरावा नाही, पण त्या बंद दारांविषयी बाहेरच्यांना किती कुतूहल होते याची ती साक्ष आहे.

आणि याच मठावरून गोव्यात मोठा कलह पेटला. शपथ घेऊन आत येणारी मुलगी आपल्यासोबत हुंडा आणीत असे. तो मठाच्या मालकीचा होई. नगरसभेने राजाकडे तक्रारी केल्या की, शहरातील धनवान वारसकन्या मठात जातात, त्यांची संपत्ती कायमची आत अडकते आणि राज्यासाठी लढणाऱ्या सरदारांना वधू मिळत नाहीत. हे समजून घ्यायचे तर तत्कालीन व्यवस्था ध्यानी घ्यावी लागेल. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालहून 'राजाच्या अनाथ कन्या' म्हणून मुली गोव्यास पाठविल्या जात आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंड्यादाखल सरकारी हुद्दा मिळे. मुलगी ही राज्यविस्ताराच्या हिशेबातील एक नोंद होती. अशा हिशेबातून एखादी कन्या 'मी प्रभूची वधू' असे म्हणून बाहेर पडली की बेरीज चुकत असे. ख्रिस्ती राजसत्तेला ख्रिस्ती कौमार्य अडचणीचे वाटू लागले, यातील विसंगती मोठी बोलकी आहे.

म्हणजे मठ हा केवळ मुक्तीचा मार्ग होता काय? तसेही नाही. अनेक मुलींना बापाने मठात घातले ते दोन मुलींची लग्ने करण्यापेक्षा एकीला तेथे ठेवणे परवडते म्हणून; युरोपातही हेच चालत होते. तिची हाक खरी की बापाची सोय खरी, हे भिंतीबाहेरून कळत नसे. शिवाय आत गेल्यावरही जगाच्या उतरंडी सुटल्या नव्हत्या. काळे शिरोवस्त्र बहुतांशी पोर्तुगीज व त्यांच्या वंशातील स्त्रियांचे. येथल्या मातीतल्या स्त्रियांच्या वाट्याला बहुधा पांढरे शिरोवस्त्र आणि सेवा आली. प्रभूच्या सर्व वधू सारख्या असल्या, तरी त्याच्या घरात पंक्तिप्रपंच होता.

येथे एक साम्य लपवता येत नाही. शपथेच्या वेळी जोगिणीला ख्रिस्ताची वधू मानतात. देवळात वाहिलेली मुलगीही देवाची वधू. नदीच्या दोन्ही काठांवरच्या समाजांना, कुणाशीही लग्न न झालेली स्त्री कल्पनेतही पेलवली नाही. म्हणून त्यांनी तिचे लग्न देवाशी लावले. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की एकीला भिंत आणि मान मिळाला, दुसरीला ना भिंत ना मान.

पोर्तुगालमध्ये १८३४ साली धर्मसंघ बरखास्त झाले. गोव्यातही पुरुषांचे मठ बंद झाले. सांता मोनिकातील जोगिणींना हयातभर राहू दिले, पण नव्या मुलीस प्रवेश नव्हता. एकेक करून त्या वारल्या. १८८५ मध्ये शेवटची जोगीण गेली, तेव्हा त्या प्रचंड वास्तूत ती किती एकटी असेल, याची कल्पना करवत नाही. पुढे १९६४ पासून त्याच वास्तूत जोगिणींच्या शिक्षणाची 'मातेर देई' संस्था आली, आणि ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही आज तेथेच आहे.

पुरुषांची कथा निराळी. गोव्यातील देशी पाद्रींना युरोपीय संघांची दारे बहुतेक बंदच होती. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जुझे व्हाज १६८५ साली जुन्या गोव्याच्या ओरेटरीत दाखल झाले. ओरेटरीचे वैशिष्ट्य असे की तेथे मठवासीयांसारख्या शपथा नव्हत्या. धर्मगुरू स्वेच्छेने एकत्र राहात. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात डचांच्या ताब्यातील सिंहलद्वीपात उतरले. पकडले गेल्यास मागे बायकामुले उघड्यावर पडतील ही धास्ती त्यांना नव्हती. संत पॉलने म्हटलेली चित्ताची अविभक्तता येथे प्रत्यक्षात उतरली. ते १७११ मध्ये कँडीला वारले आणि २०१५ साली कोलंबोत त्यांना संतपद जाहीर झाले. तेथे मागाहून गेलेले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस सिंहली वाङ्मयाच्या इतिहासात मानाने गणले जातात. एका गोमंतकीयाच्या अविवाहितपणाची फळे दुसऱ्या भाषेने चाखली.

मराठी मुलखात हा विषय पुन्हा वळण घेतो, कारण तेथील ख्रिस्ती परंपरा बरीचशी प्रॉटेस्टंट. मार्टिन ल्यूथर यांनी १५२५ साली एका माजी जोगिणीशी विवाह केला आणि त्या पंथात मठ ओस पडले. मग अविवाहित स्त्रीला जागा कुठे? उत्तर सेवाकार्यात सापडले. १८२७ मध्ये मुंबईस उतरलेल्या सिंथिया फरार या परदेशी धर्मकार्यासाठी पाठविलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी एक. पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तेथेच देह ठेवला. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली. सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या उगमापाशी अशी एक बिनलग्नाची बाई उभी आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या. इंग्लंडात वाँटेज येथे अविवाहित भगिनींच्या संघात राहून त्यांनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची या भगिनींनी चालवलेली शुश्रूषा पाहून आपले मन पालटले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. नव्या धर्मात पुनर्विवाहास आडकाठी नव्हती, तरी त्या पुन्हा बोहल्यावर चढल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रियांचे घर त्यांनी उभे केले. त्यांची कन्या मनोरमाबाई जन्मभर अविवाहित राहिली. आईच्या संस्थेत तिने अध्यापन केले, अंधांना ब्रेल शिकवले आणि १९२१ मध्ये आईच्या आधी जगाचा निरोप घेतला. सांता मोनिकाला भिंत होती. केडगावला दार होते. श्रद्धा एकच, पण एका ठिकाणी ती एकटीला आत ठेवते, दुसऱ्या ठिकाणी एकटीच्या हातून इतरांना आत घेते.

तरीही एक माणूस या साऱ्या कथेत निसटतो : ज्याला दीक्षा नाही, शपथ नाही, शिरोवस्त्र नाही, असा साधा अविवाहित ख्रिस्ती. घरात भावाच्या मुलांना वाढवणारी आत्या, रविवारी चर्चची वेदी फुलांनी सजवणारी, म्हाताऱ्या आईबापांची सेवा करता करता स्वतः म्हातारी झालेली. प्रवचने कुटुंबांसाठी आणि मान धर्मगुरूंसाठी असतो, हिच्यासाठी काय? कॅथॉलिक धर्मसभेने १९७० मध्ये, संसारात राहूनच कौमार्याचे व्रत घेणाऱ्या स्त्रियांचा प्राचीन विधी पुन्हा सुरू केला, हा या प्रश्नाचा एक अंशतः स्वीकार म्हणावा लागेल. गोव्यात कायद्यानेही तिला काहीसा आधार दिला. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून येथे लागू झाला, आणि त्यानुसार मुलीचा वारसाहक्क तिच्या लग्नावर अवलंबून राहिला नाही. डोक्यावर हक्काचे छप्पर असणे ही अध्यात्माहून कमी प्रतीची गोष्ट आहे असे आम्हाला वाटत नाही. छप्पर असेल तरच अविवाहितपण हे दान राहते. नसेल तर ते दुसऱ्याच्या घरचे ओझे ठरते.

या इतिहासातून आम्ही घ्यावे ते एवढेच. ख्रिस्ती श्रद्धेने अविवाहित माणसाला अर्थ दिला, ही तिची थोरवी. पण तो अर्थ खरा ठरला तेथेच, जेथे निवड त्या माणसाची स्वतःची होती. जेथे हुंडा, वर्ण किंवा बापाची सोय यांनी निवड केली, तेथे उत्तमोत्तम धर्मवचनही भिंतीचा चिरा झाले. हा निकष आपल्यालाही लागू आहे. आपल्या वाड्यांच्या माजघरांतूनही लग्नावाचून राहिलेल्या आत्या होऊन गेल्या. घराण्याच्या वंशावळी आपण हौसेने लिहितो, पण त्यांच्या नावापुढची रेघ तेथेच थांबते आणि बहुधा नावही लिहिले जात नाही. पुढच्या वेळी वंशावळ उघडू तेव्हा ती नावे आठवून लिहावीत. नदीपलीकडच्यांनी आपल्या अविवाहितांना निदान एक नाव आणि एक घर दिले होते. अलीकडच्यांनी नावापासून तरी आरंभ करावा.