काशीचे घाट आणि गंगेचा पूर

वाराणसीत गंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या पश्चिम काठावर कंकरमिश्रित चिकणमातीचा उंच कडा आहे, तर समोरचा पूर्वकाठ सखल आणि वाळूचा. पूर आला की पाणी पूर्वेकडे पसरते. म्हणूनच जुनी काशी एकाच काठावर, कड्याच्या माथ्यावर वसली. जागेची ही निवड म्हणजे पुराविरुद्ध शहराने केलेली पहिली तयारी होय.

दुसरी तयारी घाटांची. उन्हाळ्यातल्या पातळीहून पावसाळ्यात गंगा 10 मीटरपेक्षा जास्त चढते आणि मातीचा कडा पोखरते. 18व्या शतकापासून तो दगडाने बांधून काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यात मराठ्यांचा वाटा मोठा होता. नानासाहेब पेशव्यांनी दशाश्वमेध घाट बांधला. अहिल्याबाई होळकर आणि नागपूरकर भोसले यांचे घाट त्यांच्याच नावाने ओळखले जातात. या बांधकामात पुराचा विचार स्पष्ट दिसतो. भोसले घाटावरच्या वाड्याची खालची भिंत भरीव आणि सपाट आहे. खिडक्या आहेत त्या अगदी वर. पायऱ्यांमधून पुढे आलेले अष्टकोनी बुरूज प्रवाहाचा जोर अंगावर घेतात. तरीही माणसाचा अंदाज कधी चुकला. बायजाबाई शिंदे यांनी 1830 साली बांधलेला भव्य शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचला.

घाटावरच्या माणसांनीही पाण्यासोबत सरकण्याची रीत बसवली. पाणी वाढू लागले की घाटिये, म्हणजे घाटावरचे पुरोहित, आपल्या चौक्या आणि छत्र्या पायरी-पायरीने वर नेतात, मल्लाह नावा एकमेकींना बांधून ठेवतात आणि मणिकर्णिका घाटावर चिता वरच्या गच्चीवर रचल्या जातात.

शहराच्या पोटातले पाणी ही वेगळी बाब होती. पूर्वी मोठ्या पुरात गंगा तिला मिळणाऱ्या वरुणा नदीतून उलटी शिरून मत्स्योदरी तलावापर्यंत येई. जुन्या ग्रंथांनी त्या योगाला पुण्यकाळ मानले. 1820च्या दशकात टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी भुयारी गटार खोदून मध्यवस्तीतल्या तळ्यांचे पाणी गंगेत सोडले. आरोग्याच्या दृष्टीने ते मोलाचे काम होते. पण पावसाचे पाणी सामावून घेणारी जागाही त्यामुळे आकसली.

पुढे शहर कड्यावरून उतरून वरुणा आणि अस्सी नद्यांच्या सखल भागात पसरले. गंगा चढली की वरुणेचे पाणी पुढे सरकत नाही, उलटे फिरते. कृष्णा तुंबल्यावर पंचगंगेला येणारा फुगवटा पाहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कोनिया, सरैया, नक्खीघाट या भागांत पाणी नदीच्या समोरून नव्हे, गल्लीच्या मागच्या अंगाने शिरते. इथे विणकरांची मोठी वस्ती आहे. पाय खाली सोडून बसता यावे म्हणून हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे घरात पाणी आले की आधी तो खड्डा भरतो.

राजघाटावर केंद्रीय जल आयोग पातळी मोजतो. इशारा पातळी 70.262 मीटर, तर धोका पातळी 71.262 मीटर आहे. 9 सप्टेंबर 1978 रोजी पाणी 73.901 मीटरवर पोहोचले, तो आजवरचा उच्चांक. 2013, 2016 आणि 2021 मध्येही गंगेने 72 मीटरची रेषा ओलांडली. आता पाणी वाढू लागताच नौकानयन बंद होते, पूरचौक्या उघडतात, शाळांमध्ये निवारा छावण्या लागतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 11वी बटालियन शहरातच आहे.

या व्यवस्थेने जीव वाचतात, आणि ते फार मोठे काम आहे. परंतु ती पाणी आल्यानंतर चालू होते; कडा आणि घाट पाणी येण्याआधीच उभे होते. पूर ओसरल्यावर घाटांवरचा गाळ पंपाच्या फवाऱ्याने पुन्हा नदीत ढकलला जातो आणि पायऱ्या मोकळ्या होतात. वरुणाकाठी मात्र ज्याच्या त्याच्या घरातला गाळ घरच्यांनाच उपसावा लागतो, आणि खड्डा वाळेपर्यंत माग बंद राहतो.