अल्पायुषी वाद्यवृंदांचा वारसा

१८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून नाटक मंडळ्यांचा उदय, त्यांतील फाटाफूट आणि त्यांचा अस्त यांची नोंद मराठी संगीताच्या इतिहासकारांनी आस्थेने ठेवली आहे. मुंबईतच १९६० नंतरच्या दशकात शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी उभारलेल्या छोट्या वाद्यवृंदांच्या वाट्याला मात्र ही आस्था आली नाही. ‘बीट ग्रुप’ या नावाने ओळखले जाणारे हे संच इंग्रजीत गात, बहुधा दुसऱ्यांची गाणी गात आणि बरेचसे दोन-तीन वर्षांत मोडून जात. त्यामुळे हा केवळ अनुकरणाचा उत्साह होता, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो पूर्णांशाने खरा नाही.

या संचांपूर्वीही मुंबईत पाश्चात्य संगीताची परंपरा होती. हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत प्रामुख्याने गोव्याचे वादक असत. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेले हे व्यावसायिक रात्री हॉटेलात वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसत. चिक चॉकलेट हे त्यांतील विख्यात नाव. बीट ग्रुपची घडण निराळी होती. दोन विद्युत गिटारी, एक बेस गिटार आणि ड्रम एवढ्या सामग्रीवर चार-पाच मुले उभी राहू शकत. ती स्वरलेखन वाचीत नसत. रेडिओ सिलोनवर ऐकलेले किंवा कोणी परदेशातून आणलेल्या तबकडीवरचे गाणे पुन्हा पुन्हा ऐकून कानाने उतरवून घेत. लखनौत जन्मलेल्या क्लिफ रिचर्डची गाणी, त्याच्या साथीला असणारा शॅडोज हा संच आणि १९६२ नंतर बीटल्स हे त्यांचे गुरू होते. संगीत शिकण्यासाठी घराणे लागत नाही आणि रंगमंचावर जाण्यासाठी चाळिशी गाठावी लागत नाही, हा या मुलांना लागलेला शोध होता.

कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ या काळात निघालेल्या ‘ज्युनियर स्टेट्समन’ या नियतकालिकाने या तरुण पिढीला परस्परांची ओळख करून दिली. प्रत्यक्ष भेटीचे निमित्त स्पर्धांनी पुरविले. त्यांत सर्वांत गाजलेली ‘सिमला बीट’ ही स्पर्धा एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरविली जाई. तिच्या १९७० आणि १९७१ सालच्या दोन दीर्घ तबकड्या निघाल्या. मद्रासचा कन्फ्यूजन्स, शिलाँगचा फेन्टोन्स, कलकत्त्याचा ग्रेट बेअर असे दूरदूरचे संच त्यांत एकत्र आले. या तबकड्यांत परकीय गाण्यांच्या आवृत्त्या आहेत, तशाच स्वतः रचलेल्या चालीही आहेत. धूम्रपानाच्या प्रसारासाठी खर्चिलेला पैसा तरुण रचनाकारांच्या पहिल्या प्रयत्नांचा साक्षीदार ठरावा, हा या इतिहासातील विलक्षण विरोधाभास होय.

हे संच टिकले का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर वादकांच्या चंचलपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. परदेशी वाद्ये आयात-निर्बंधांमुळे दुर्मिळ आणि महाग होती. दारूबंदीच्या मुंबईत रात्रीच्या मैफलींना फारसा वाव नव्हता. चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत दिवसा होणारी ‘जॅम सेशन’ हाच मोठा आधार होता. लोकप्रिय संगीताची बाजारपेठ चित्रपटाने व्यापली होती आणि इंग्रजी गाण्यांचा श्रोतृवर्ग लहान होता. अखेरीस पदवी हाती पडली की नोकरी, उच्च शिक्षण किंवा परदेशगमन यांपैकी एक वाट धरावी लागे. एक वादक गेला की चौघांचा संच मोडे. नाटक मंडळी मालकाच्या भांडवलावर उभी असे, तर बीट ग्रुप केवळ मैत्रीवर उभा असे. त्याचे आयुष्य त्या मैत्रीला मिळणाऱ्या सवडीएवढेच होते.

तथापि, संच मोडला म्हणजे त्यातील कला संपली असे नव्हे. याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण नंदू भेंडे यांचे आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचे हे पुत्र तरुणपणी ‘वेल्व्हेट फॉग’ या मुंबईच्या रॉक संचाचे गायक होते. पुढे ते ‘सॅव्हेजेस’मध्येही गायले. १९७४ साली ॲलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतनाट्य मुंबईत सादर केले, त्यात त्यांनी जूडासची भूमिका केली. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टच्या नाटकावरून रचलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अकादमीने रंगभूमीवर आणला. त्यात नंदू भेंडे अंकुशच्या भूमिकेत उभे राहिले आणि त्याच्या संगीतातही त्यांचा वाटा होता. लोकसंगीत आणि नाट्यसंगीत यांच्या शेजारी रॉकचा ठेका मराठी शब्दांना घेऊन आला. इंग्रजी उच्चारांवर घासून तयार झालेला गळा मराठीत गाऊ लागला, तेव्हा वेल्व्हेट फॉगचे अस्तित्व उरले नव्हते. पण त्या संचात झालेली तालीम मात्र वाया गेली नव्हती.

गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांची वाटचालही याच दिशेची आहे. शाळकरी वयात ‘बीट फोर’ हा संच काढणारे रेमो वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी मुंबईत आले आणि सॅव्हेजेसमध्ये वाजवू लागले. गोव्यात परतल्यावर त्यांनी घरीच ध्वनिमुद्रित केलेला ‘गोअन क्रेझी’ हा संग्रह १९८४ साली स्वतःच प्रकाशित केला. त्यात गोव्याचे जीवन हाच विषय होता. उसन्या गाण्यांपासून सुरू झालेला प्रवास येथे स्वतःच्या गावापर्यंत पोहोचला.

या दोन उदाहरणांवरून सर्वच संचांना थोरपण बहाल करणे योग्य होणार नाही. पुष्कळांची एकही चाल उरलेली नाही, अनेकांची नावेही विसरली गेली आहेत. परंतु कलेच्या इतिहासात टिकाऊपणा हाच एक निकष मानला, तर उमेदवारीची सारी वर्षे त्यातून गळून पडतात. सिमला बीटच्या तबकड्या पुढे परदेशांतील संग्राहकांनी शोधल्या आणि त्या पुन्हा प्रकाशित झाल्या. आपल्याकडे मात्र त्यांची दखल उशिरानेच घेतली गेली. मराठी नाट्यसंगीताचा अभ्यासक ‘तीन पैशाचा तमाशा’पर्यंत येतो, तेव्हा अंकुशच्या सुरांचे मूळ शोधताना त्याला दिवाणखान्यात गिटार जुळविणाऱ्या त्या मुलांपर्यंत मागे जावेच लागते.