निवांत वाटेचे वाटेकरी

आपणांस आवडलेली एकांताची वाट दुसऱ्यास सांगावी कीं मनाशींच ठेवावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरप्रांतांत त्यावरून मोठा वाद माजला होता व त्याचे धागे पुढील शतकापर्यंत पोहोंचले.

त्याचा आरंभ वर्डस्वर्थपासून होतो. जोसेफ विल्किन्सन नांवाच्या धर्मोपदेशकाच्या चित्रसंग्रहास जोड म्हणून १८१० सालीं या कवीनें प्रांताचें वर्णन लिहिलें, तेंही निनांवी. पुढें तें वाढत गेलें, १८२२ सालीं स्वतंत्र पुस्तक झालें, आणि १८३५ सालीं त्याची पांचवी आवृत्ति निघाली. प्रवाशानें कोणत्या ऋतूंत यावें येथपासून डोंगरउतारावरील पांढरीं घरें डोळ्यांस कां खुपतात येथपर्यंत सारें त्यांत आहे. हा प्रदेश राष्ट्राचा ठेवा मानावा, ही कल्पनाही त्यांत आली आहे.

पण १८४४ सालीं केंडलहून विंडरमिअर सरोवराकडे लोहमार्ग नेण्याची योजना निघतांच हाच कवि, आतां चौऱ्याहत्तर वर्षांचा राजकवि, खवळून उठला. त्यानें सुनीत रचलें, ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रास पत्रें लिहिलीं. सृष्टिसौंदर्याची गोडी सावकाश लागते; कारखान्यांतील मजुरांस झुंडींनीं आणल्यानें त्यांस तर लाभ नाहींच, उलट शांतता मात्र नाहींशी होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. शांततेची भीति खोटी नव्हती. परंतु ज्याला रजेचा एकच दिवस मिळतो त्यानें ही गोडी लावून घ्यावी कोठें, याचें उत्तर आम्हांस त्या पत्रांत सांपडत नाहीं. १८४७ सालीं गाडी आलीच, आणि स्टेशनाभोंवतीं वसलेल्या गांवानें सरोवराचेंच नांव घेतलें.

हें कोडें अधिक शहाणपणानें हाताळलें तें कॅनन रॉन्स्ली यांनीं. पाटीचा दगड वाहण्यासाठीं बटरमिअरकडून निघणाऱ्या लोहमार्गास त्यांनीं १८८३ सालीं विरोध केला. आणि त्याच गृहस्थांनीं जमीनदारानें अडविलेल्या लॅट्रिग टेंकडीच्या वाटेसाठीं १८८७ सालच्या लढ्यांत पुढाकार घेतला. १ ऑक्टोबर रोजीं सुमारें दोन हजार लोक ती टेंकडी चढून गेले. प्रकरण कोर्टांत गेलें, पण पुढल्या वर्षीं तडजोड होऊन माथ्याची वाट खुली झाली. १८९५ सालीं ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन करणाऱ्या तिघांत रॉन्स्ली होते.

वर्डस्वर्थ वारला त्याच वर्षीं, १८५० सालीं, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून माथेरानचा डोंगर चढले. यास ‘शोध’ म्हणण्याची रीत आहे. ठाकर-कातकऱ्यांच्या पायांखालची वाट साहेबांस सांपडली, इतकाच त्याचा अर्थ. तेथेंही १९०७ सालीं झुकझुकगाडी पोहोंचली. प्रवाशांच्या मोटारी मात्र अजून दस्तुरीपाशींच थांबतात.